रणांगणाचे दोन स्वर : विश्राम बेडेकर आणि तुकडोजी महाराज

१

दुसऱ्या महायुद्धाचा मराठी साहित्यावर झालेला परिणाम हा आपल्या समीक्षेत पुष्कळ चर्चिला गेलेला विषय आहे. मात्र ही चर्चा बहुतेक वेळा एका ठरावीक मार्गाने जाते. युद्धामुळे मानवी मूल्यांची पडझड झाली, यंत्रयुगाने माणूस एकाकी झाला, या एकाकीपणाच्या जाणिवेतून मर्ढेकरांची 'काही कविता' (१९४७) आली आणि पुढे नवकाव्य व नवकथा यांचा प्रवाह सुरू झाला, अशी कार्यकारणांची साखळी मांडली जाते. ही मांडणी चुकीची नाही. परंतु ती एकमार्गी आहे. तीत युद्ध हे कारण आणि साहित्य हे कार्य ठरते. संघर्षग्रस्त समाजात कला स्वतः काय करते आणि तिच्यामुळे माणसांच्या परस्परसंबंधांत कोणता फरक पडतो, या प्रश्नाला या साखळीत जागाच उरत नाही.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न वऱ्हाडच्या संदर्भात विचारावयाचा आहे. त्यासाठी दोन भिन्न प्रकृतींचे कलाव्यवहार निवडले आहेत. एक, अमरावतीस जन्मलेल्या विश्राम बेडेकरांची (१९०६-१९९८) 'रणांगण' ही १९३९ सालची कादंबरी. दुसरा, अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या तुकडोजी महाराजांचे (१९०९-१९६८) खंजिरी-भजन. दोघांच्या जन्मसालांत अवघे तीन वर्षांचे अंतर. एकाच भूमीत उगवलेल्या या दोन कलावंतांचा विचार आपण सहसा एकत्र करीत नाही. एक आधुनिक कादंबरीच्या अभ्यासपत्रिकेत बसतो, दुसरा संतसाहित्याच्या. या विभागणीमुळे नेमके काय निसटते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी 'लष्करीकरण' या संज्ञेचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. सैन्याची संख्या वाढणे एवढाच तिचा अर्थ घेतला, तर ती वाङ्मयाच्या अभ्यासकाला फारशी उपयोगी पडत नाही. माणसांची मोजणी, त्यांची वर्गवारी आणि निरपवाद आज्ञापालन या छावणीतील पद्धती नागरी जीवनात रुजणे, हा तिचा व्यापक अर्थ होय. या प्रक्रियेचे दोन परिणाम होतात. व्यक्तीचे रूपांतर आकड्यात होते आणि समुदायाचे रूपांतर तुकडीत किंवा जमावात होते. कलेचे कार्य या दोन्ही ठिकाणी संभवते; परंतु दोन्ही ठिकाणी ते एकाच कलाप्रकाराला साधते असे नाही. पुढील विवेचनाचे हेच मुख्य सूत्र आहे.

२

वऱ्हाडने प्रत्यक्ष लढाया पाहिल्या नाहीत असे नाही. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे वेलस्लीच्या सैन्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला आणि १५ डिसेंबरला मेळघाटातील गाविलगड पडला. त्यानंतर दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. परंतु यापुढील शतकात या प्रदेशाच्या वाट्याला आलेले लष्करीकरण रणभूमीवरून आले नाही. ते हिशेबाच्या वहीतून आले.

हैदराबाद कंटिंजंट ही निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली पोसली जाणारी फौज होती. तिच्या खर्चाची थकबाकी वाढत गेली आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात देण्यात आला. एका फौजेच्या पगारासाठी एक संपूर्ण प्रदेश तारण पडावा, याचा अर्थ असा की येथल्या शेतकऱ्याने पिकविलेल्या कापसाचा आणि भरलेल्या साऱ्याचा संबंध त्याने कधी न पाहिलेल्या बंदुकांशी जोडला गेला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडून मिळणारा कापूस थांबला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव चढले. ते युद्ध संपताच भाव उतरले. तेथे कोण कोणाशी का लढत होते याची वार्ता नसतानाही अमरावती-अकोल्याच्या बाजारात त्या युद्धाचा चढउतार मोजला गेला.

हा तपशील येथे देण्याचे कारण वाङ्मयीन आहे. युद्ध जवळ नसते आणि तरीही ते आपले जगणे ठरविते, हा वऱ्हाडच्या ऐतिहासिक अनुभवाचा गाभा आहे. अशा अनुभवाला वीररसाची परंपरागत रूपे पुरी पडत नाहीत. पोवाड्याला वीर लागतो, प्रसंग लागतो, शत्रूचे नाव लागते. तारण पडलेल्या मुलखाला यांपैकी काहीच उपलब्ध नसते. दूरच्या युद्धाने जगणे ठरविले गेलेल्या माणसाचे चित्रण करावयाचे, तर निराळे रूप शोधावे लागते.

३

'रणांगण'कडे वळण्यापूर्वी अमरावतीच्याच इतिहासातील आणखी एका घटनेची नोंद घेणे उचित ठरेल. येथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. परतंत्र देशातील एका जिल्ह्याच्या गावाने जगाच्या व्यासपीठावर आपली देहविद्या मांडावी, यात अभिमानास्पद असे पुष्कळ आहे आणि त्यामागील प्रेरणा राष्ट्रीय स्वाभिमानाची होती.

परंतु ज्या सोहळ्यात हे पथक सामील झाले, त्या सोहळ्याचे स्वरूप निराळे होते. ऑलिंपिकची मशाल ग्रीसमधून धावत आणण्याची प्रथा त्याच वर्षी सुरू झाली. लेनी रिफेनश्टालने त्या क्रीडासोहळ्याचा चित्रपट तयार केला आणि तो १९३८ मध्ये प्रदर्शित झाला. संचलन, प्रकाश, संगीत आणि एकतालात हलणारी हजारो शरीरे यांच्या साहाय्याने राज्यसत्तेने स्वतःचे एक कलारूप उभे केले होते. नेमक्या त्याच वर्षी, जर्मनीतून परागंदा झालेल्या वॉल्टर बेंजामिनने यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगातील कलाकृतीविषयीच्या आपल्या निबंधात असे प्रतिपादन केले की, फॅसिझम राजकारणाला सौंदर्यरूप देतो आणि अशा सर्व प्रयत्नांची परिणती युद्धात होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट होते. कला ही स्वभावतःच शांततेच्या बाजूची असते, हा आपल्याकडील प्रचलित समज टिकणारा नाही. लष्करीकरणाला स्वतःची कला असते आणि ती प्रभावी असते. म्हणून संघर्षग्रस्त समाजातील कलेचा विचार करताना ती आहे की नाही हे पाहून भागत नाही. ती माणसाला कोणत्या नात्यात उभे करते, हे तपासावे लागते.

४

बर्लिनच्या त्या सोहळ्यानंतर तीनच वर्षांनी अमरावतीच्याच एका लेखकाने त्या देशातून हाकलल्या गेलेल्या एका तरुणीची कथा मराठीत लिहिली. 'रणांगण' या नावाने वाचकाच्या मनात ज्या अपेक्षा जाग्या होतात, त्यांतील एकही कादंबरी पुरी करीत नाही. तीत लढाई नाही. सारे घडते ते युरोपहून पूर्वेकडे निघालेल्या एका जहाजावर. चक्रधर विध्वंस हा मायदेशी परतणारा भारतीय तरुण आणि हॅर्टा ही जर्मनीतून निघालेली ज्यू तरुणी यांची या प्रवासात गाठ पडते. चक्रधर मुंबईस उतरतो. हॅर्टाला तेथे उतरण्याची मुभा नाही. तिला जहाजाबरोबर पुढे जावे लागते. तिची पत्रे येत राहतात आणि अखेर तिच्या मृत्यूपाशी कादंबरी थांबते.

या कथानकातील निर्णायक क्षण बंदराचा आहे. एकाच जहाजावर, एकाच डेकवर वावरणाऱ्या दोन माणसांना शेवटी त्यांचे कागद वेगळे करतात. एक उतरू शकतो, दुसरी उतरू शकत नाही. त्या काळी जर्मनीतील ज्यूंना व्हिसावाचून जाता येईल असे शांघाय हे जवळजवळ एकमेव ठिकाण उरले होते आणि हजारो निर्वासित त्या मार्गाने गेले. 'हजारो' हा शब्द येथे लिहिताना आपणही नकळत मोजणीच्या भाषेत शिरतो. बेडेकरांची कादंबरी नेमक्या या ठिकाणी आपले कार्य करते. ती त्या हजारांतून एकीला बाहेर काढते, तिला नाव देते, हट्ट देते, विनोद देते, प्रेम करण्याची आणि दुखावले जाण्याची क्षमता देते. वाचकाला निर्वासितांची 'समस्या' कळत नाही. त्याला हॅर्टा माहीत होते आणि मग तिच्या मृत्यूची भरपाई कोणत्याही आकड्याने करता येत नाही.

शीर्षकाचा अर्थही येथेच उलगडतो. युद्ध सुरू होण्यापूर्वीच त्याने माणसामाणसांतील संबंधांत प्रवेश केलेला असतो. पूर्वीच्या प्रेमभंगाने कडवट झालेल्या चक्रधरचे मन हेही एक रणांगण आहे. त्याच्या मनातील सूडबुद्धी आणि बाहेरच्या जगात संघटित झालेला द्वेष यांच्यात लेखक थेट समीकरण मांडीत नाही. पण दोहोंना एकाच जहाजावर ठेवतो. ज्याला आपण शांततेचा काळ म्हणतो त्यातही एका माणसाने दुसऱ्याला साधन म्हणून वापरावे, ही वृत्ती जिवंत असते, याची बोच कादंबरी वाचकाला लावून जाते.

या कलारूपाची मर्यादाही स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. हॅर्टाची कहाणी आपल्यापर्यंत मुख्यतः चक्रधरच्या आठवणीतून पोचते. जो उतरू शकला त्याच्या मुखातून, जी उतरू शकली नाही तिची कथा. साक्षीदार वाचतो म्हणूनच साक्ष उरते, ही साक्षीच्या वाङ्मयाची मूलभूत विसंगती आहे. हॅर्टाची पत्रे या विसंगतीला थोडा छेद देतात, तिचा स्वर थेट ऐकवतात. तरीही कादंबरी जहाज थांबवू शकत नाही. शिवाय ती एकट्याने वाचली जाते. तिचा वाचक हळहळतो, अंतर्मुख होतो. परंतु त्या हळहळीतून इतर वाचकांशी त्याचे नाते जुळतेच असे नाही. आकड्यातून व्यक्ती परत मिळविण्याचे काम कादंबरी करते. जमावातून समुदाय परत मिळविण्याचे काम तिच्या आवाक्यातले नाही.

५

ते काम त्याच सुमारास त्याच जिल्ह्यात दुसरे एक कलारूप करीत होते. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. एका हातात मावणारी खंजिरी, सहज तोंडी बसणारे धृपद, मराठी आणि हिंदी यांच्यात सहज ये-जा करणारी भाषा आणि जमिनीवर बसलेला श्रोतृसमुदाय एवढीच त्यांच्या भजनाची सामग्री. या रूपाचे वैशिष्ट्य त्याच्या प्रयोगात आहे. गायक ओळ म्हणतो, समुदाय ती उचलतो. ऐकणारा काही क्षणांत गाणारा होतो. ज्याला अक्षरओळख नाही तोही धृपद घेऊन घरी जातो. छापील कागद जप्त करता येतो. तोंडात बसलेले धृपद जप्त करण्याची तजवीज कोणत्याही कायद्यात नसते.

१९४२ साली या गोष्टीला वेगळेच महत्त्व आले. १६ ऑगस्ट १९४२ रोजी वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे उठाव झाले. मिरवणुका निघाल्या, गोळीबार झाला. आंदोलक मृत्युमुखी पडले, तसेच अधिकारी आणि पोलिसही मारले गेले. त्यानंतर चिमुरात सशस्त्र दले उतरली आणि गावाला, विशेषतः तेथील स्त्रियांना, जे अत्याचार सोसावे लागले त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. या प्रकरणाच्या बातम्यांवर निर्बंध आले, तेव्हा जानेवारी १९४३ मध्ये देशातील अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस अंक न काढता निषेध नोंदविला. अनेकांना झालेल्या फाशीच्या शिक्षा टळाव्यात म्हणून अनसूयाबाई काळे यांनी अविश्रांत खटपट केली.

या परिसरात तुकडोजी महाराजांच्या भजनांचा मोठा प्रभाव होता. ईशस्तवनाबरोबरच परक्या सत्तेविरुद्ध उभे राहण्याचे आवाहन त्यांत होते. सरकारने १९४२ मध्येच त्यांना अटक करून नागपूर व नंतर रायपूरच्या तुरुंगात ठेवले. एका भजन गाणाऱ्याला स्थानबद्ध करावे असे सत्तेला वाटले, ही त्या कलारूपाच्या सामर्थ्याची शासकीय पावतीच होय. संचारबंदीचा हुकूम माणसांना परस्परांपासून तोडतो. भजन त्यांना पुन्हा एकत्र बसविते आणि एकत्र बसलेल्यांच्या तोंडी एकच स्वर देते. दहशतीने भेदरलेल्या गावात हा स्वर म्हणजे आपण अजून गाव आहोत याची खूण असते.

परंतु येथेही मर्यादेचा प्रश्न टाळता येत नाही. समुदाय आणि जमाव यांच्यातील रेषा नेहमीच स्पष्ट नसते. जे धृपद माणसांना निर्भय करते, त्याने पुढे उद्भवणाऱ्या हिंसेवर नियंत्रण ठेवता येतेच असे नाही. चिमूरच्या घटनांत दोन्ही बाजूंनी माणसे मेली, हे वास्तव गौरवाच्या भाषेत लपवणे अभ्यासकाला शोभणारे नाही. एकत्र आणणाऱ्या कलेला एकीची दिशा ठरविण्याची जबाबदारीही घ्यावी लागते. तुकडोजी महाराजांना ही जाणीव होती, असे त्यांच्या पुढील लेखनावरून दिसते. एकेचाळीस अध्यायांच्या 'ग्रामगीते'त 'भजन-प्रभाव' आणि 'सामुदायिक प्रार्थना' हे अध्याय आहेत, तसाच 'वक्तृत्व-परीक्षण' या नावाचाही अध्याय आहे. लोकांना हलविणाऱ्या शब्दाची परीक्षा करावयास हवी, असा विचार लोकांना हलविणाऱ्या गायकानेच ग्रथित करावा, ही लक्षणीय बाब आहे.

६

१९६२ साली चीनशी आणि १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले, तेव्हा हीच खंजिरी सरहद्दीवर गेली. तुकडोजी महाराजांनी सैनिकांपुढे भजने गाऊन त्यांना धीर दिला. वीस वर्षांपूर्वी जे कलारूप शस्त्रधारी सत्तेच्या विरोधात उभे होते, ते आता शस्त्रधाऱ्यांच्या सोबत उभे राहिले. याचा अर्थ कसा लावावयाचा?

एक सरळ उत्तर असे की, १९४२ ची सत्ता परकी होती आणि १९६२ ची स्वकीय. म्हणून यात विसंगती नाही. राजकीय दृष्ट्या हे उत्तर पुरेसे आहे. दुसरे उत्तर याच्या उलट दिले जाईल : राष्ट्रराज्याने संतालाही आपल्या कामी लावले. ही दोन्ही उत्तरे कलेचा विचार केवळ आशयाच्या अंगाने करतात. रूपाच्या अंगाने पाहिल्यास निराळे चित्र दिसते. छावणीतला सैनिक दिवसभर रांगेत असतो. तेथे आवाज देणारा एक असतो आणि बाकीच्यांनी तो पाळावयाचा असतो. भजनात तोच सैनिक ओळ उचलतो ती स्वेच्छेने. हुद्दा बाजूला ठेवून तो शेजाऱ्याच्या स्वरात स्वर मिसळतो. छावणीच्या मधोमध काही काळ गाव उभे राहते. जो सैनिक उद्या कदाचित नुसता आकडा होऊन तारेतून घरी कळविला जाणार असतो, तो त्या रात्री एखाद्या मेळ्यातला माणूस असतो.

अर्थात सैन्यालाही अशा भजनाचा उपयोग असतो, हेही तितकेच खरे. धीर मिळालेला सैनिक अधिक चांगला लढतो. म्हणून सैनिकापुढे गायिलेल्या कोणत्याही गीताचे मूल्यमापन करताना एक प्रश्न विचारणे आवश्यक ठरते : त्या गीताच्या 'आपण'मध्ये कोण कोण मावते? केवळ रांगेतला शेजारी मावतो, की पलीकडच्या बाजूला मेलेल्या माणसासाठीही त्यात थोडी जागा आहे? ज्या गायकाने १९५५ साली जपानमधील विश्वधर्म व विश्वशांती परिषदेत भाग घेतला, हिरोशिमा-नागासाकीच्या देशात जाऊन आपले भजन ऐकविले, त्याच्यापुढे हा प्रश्न उभा नव्हता असे मानता येत नाही. त्याच्या युद्धकाळातील रचना आणि विश्वप्रार्थनेच्या रचना समोरासमोर ठेवून वाचणे हे स्वतंत्र संशोधनाचे काम आहे.

७

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. लष्करीकरण व्यक्तीला आकडा करते आणि समुदायाला तुकडी किंवा जमाव करते. 'रणांगण'सारखी कादंबरी पहिल्या प्रक्रियेला अडविते, खंजिरी-भजन दुसऱ्या प्रक्रियेला. कादंबरीपाशी समुदाय नाही, म्हणून तिची साक्ष एकाकी राहते. भजनापाशी समुदाय आहे. पण त्या समुदायाबाहेरच्या एकट्या माणसाचा चेहरा त्यात पुसट होण्याचा धोका आहे. हॅर्टा कोणत्याही धृपदात मावत नाही आणि चिमूरच्या गावकऱ्यांना कादंबरी धीर देऊ शकली नसती. एकाच्या उणिवेत दुसऱ्याचे सामर्थ्य आहे. म्हणून ही दोन रूपे परस्परांच्या कसोट्या म्हणून वाचली गेली पाहिजेत.

युद्धविरोधी आशय असला की कलाकृती श्रेष्ठ आणि युद्धसमर्थक आशय असला की हीन, हा निकष यामुळे अपुरा ठरतो. कलाकृती आपल्या श्रोत्या-वाचकाला कोणत्या नात्यात उभे करते आणि त्या नात्याबाहेर कोणाला ठेवते, हा निकष अधिक उपयोगी आहे. विदर्भातच त्याचा पडताळा घेता येईल. पूर्वेकडील गडचिरोली जिल्ह्याने माओवादी चळवळ आणि सशस्त्र पोलीस दले यांच्यातील संघर्ष गेली अनेक दशके सोसला आणि त्याच काळात देसाईगंज-वडसा परिसरात झाडीपट्टी रंगभूमीची नाटके हजारो प्रेक्षकांसमोर रात्रभर चालत राहिली. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेकांचे लक्ष तिच्याकडे प्रथमच गेले. संध्याकाळनंतर घराबाहेर पडण्याची धास्ती असलेल्या मुलखात माणसे रात्रभर एकत्र बसून नाटक पाहतात, या घटनेचा अर्थ नाटकाच्या संहितेइतकाच त्या बसण्यात शोधला पाहिजे.

यातून अध्यापन आणि संशोधन या दोहोंविषयी एक सूचना करावीशी वाटते. पदव्युत्तर वर्गात 'रणांगण' शिकविताना १९४२ च्या भजनांचा आणि 'ग्रामगीता' शिकविताना 'रणांगण'चा संदर्भ यावा. दोन अभ्यासपत्रिकांमधील भिंत त्यामुळे थोडी तरी कमी होईल. संशोधनाचे काम मात्र अधिक निकडीचे आहे. कादंबरीची संहिता ग्रंथालयात सुरक्षित आहे. भजनाचे शब्दही छापील संग्रहांत सापडतात. परंतु ते कसे म्हटले जात, धृपद कोठे उचलले जाई, कोणत्या ओळीवर समुदाय थांबे, हे कागदावर नाही. १९४२ मध्ये ही भजने प्रत्यक्ष ऐकलेली पिढी जवळजवळ संपली आहे. त्यांच्याकडून शिकलेली भजनी मंडळे अमरावती, अकोला, वर्धा आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील गावांत अद्याप भेटतात. त्यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण आणि त्यांनी वडिलधाऱ्यांकडून ऐकलेल्या आठवणींची पद्धतशीर नोंद करण्याचे काम विद्यापीठीय विभागांनी आणि महाविद्यालयांतील अध्यापकांनी आपापल्या तालुक्यापासून सुरू करावे. ते झाल्याशिवाय या प्रदेशाने संघर्षाच्या काळात आपला स्वर कसा राखला, याविषयीचे कोणतेही विधान अर्ध्या पुराव्यावर केलेले राहील.